सांगितलं म्हणजे पोचलं असं नसतं: नीट बोलायची आणि नीट ऐकायची पद्धत, पायरी पायरीने

"अगं मी सांगितलं होतं तुला" आणि "नाही, तू असं म्हणालाच नव्हतास" हे भांडण ज्या घरात कधीच झालं नाही असं घर मला तरी माहीत नाही. गंमत म्हणजे बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. एकाने सांगितलेलं असतं, दुसऱ्याने ऐकलेलंही असतं, पण एकाच्या डोक्यात जे होतं ते दुसऱ्याच्या डोक्यात तसंच उतरलेलं नसतं आणि ते उतरलं का हे बघायची जबाबदारी कोणाची हे कोणीच ठरवलेलं नसतं. माझं ठाम मत असं आहे की ती जबाबदारी सांगणाऱ्याची आहे, आणि बोलणं पूर्ण होतं ते समोरच्याने आपल्या शब्दात परत सांगितल्यावर. त्याआधी ते अर्धंच असतं. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी हे असं का होतं ते बघू, कारण कारण कळलं की पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन नावाच्या विद्यार्थिनीने पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला होता. एकाने सगळ्यांना माहीत असलेल्या गाण्याची लय टेबलावर बोटांनी वाजवायची आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं की किती ओळखतील, तर ते म्हणाले साधारण निम्मी. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ गाणी ओळखली गेली. कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, चाल, शब्द, पेटी, तबला सगळं, आणि समोरच्याला मात्र नुसती टकटक ऐकू येत असते. आपण कोणाला काही सांगतो तेव्हा नेमकं हेच होतं, आपलं गाणं आपल्याला इतकं स्पष्ट ऐकू येत असतं की समोरच्याला टकटकच ऐकू येतेय हे लक्षातच येत नाही.

पायरी १: तोंड उघडायच्या आधी एक प्रश्न

समोरच्याला आत्ता काय माहीत आहे? एवढंच स्वतःला विचारायचं. प्लंबरला फोन करून "अहो ते परत गळायला लागलं" म्हटलं तर "ते" म्हणजे काय हे तुमच्या डोक्यात आहे, त्याने मधल्या काळात किती नळ दुरुस्त केलेत कोणास ठाऊक. तेच "दादा, मी अमुक सोसायटीतून बोलतेय, गेल्या महिन्यात तुम्ही किचन सिंकखालचा पाइप बदलला होता ना, तिथल्याच जॉइंटमधून थेंब थेंब पाणी येतंय" असं म्हटलं की तो बरोबर सामान घेऊन येतो आणि त्याची एक चक्कर वाचते. घरातल्या माणसांशी बोलताना तर ही पायरी हमखास सुटते, कारण आपण धरूनच चालतो की नवऱ्याला किंवा बहिणीला आपल्या मनातलं कळतंच. नाही कळत हो! जितकं माणूस जवळचं तितकं आपण अर्धवट बोलतो.

पायरी २: मुद्दा आधी, कहाणी नंतर

पॉल ग्राइस नावाचे एक ब्रिटिश तत्त्वज्ञ होते, त्यांनी १९६७ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांमध्ये एक फार उपयोगाची गोष्ट मांडली. ते म्हणाले की माणसं बोलताना न सांगता एकमेकांशी सहकार्य करत असतात आणि त्यात चार अपेक्षा असतात: हवी तेवढीच माहिती द्यायची, कमी नाही जास्त नाही, आपल्याला खरं वाटतं तेच बोलायचं, विषयाला धरून बोलायचं, आणि समजेल असं सरळ बोलायचं. वाचायला हे शाळेतल्या नियमांसारखं वाटतं पण ग्राइस यांचा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. ऐकणारा धरून चालतो की बोलणारा या अपेक्षा पाळतोय, आणि म्हणूनच न बोललेलं सुद्धा त्याला कळतं.

म्हणजे कसं, तर ऑफिसात कोणी विचारलं "जेवायला येतेस का?" आणि ती म्हणाली "आज संकष्टी आहे". प्रश्न जेवणाचा, उत्तर तिथीचं, वरवर बघितलं तर काही संबंधच नाही. पण विचारणारा मराठी असेल तर त्याला लगेच कळतं की हिचा उपास आहे, चंद्र उगवल्यावर ही घरी सोडेल. तेच विचारणारा नवीन जॉइन झालेला, दुसऱ्या राज्यातला असेल तर तो बिचारा उभाच राहील की ही येणार आहे की नाही. ती चुकीचं बोलली नाही आणि त्यालाही कमी कळत नाही, दोघांच्यात जी माहिती सारखी असायला हवी होती ती नव्हती इतकंच.

करायचं काय, तर पहिल्या वाक्यातच मुख्य गोष्ट सांगायची. "अरे ऐक ना, काय झालं माहितीये का, काल मी बँकेत गेलो होतो तर तिथे इतकी गर्दी" असं सुरू झालं की ऐकणाऱ्याला कळत नाही यातलं काय लक्षात ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं. "मला तुझ्या आधारची झेरॉक्स उद्या दुपारपर्यंत हवीये, का ते सांगतो" असं सुरू केलं की पुढची गर्दीची गोष्ट तो निवांत ऐकू शकतो. वाईट बातमी किंवा नाजूक विषय असेल तेव्हा हा नियम थोडा सैल करायचा, तिथे आधी "बसलेली आहेस का, वेळ आहे का" हे विचारणं जास्त महत्त्वाचं.

पायरी ३: तारखा, वेळा, आकडे

ही छोटी पायरी आहे पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. "परवा" आपल्याकडे मागचाही असतो आणि पुढचाही, त्यामुळे नेहमी वार आणि तारीख दोन्ही सांगा, "गुरुवारी, १४ तारखेला". दोन्ही सांगितलं की एक चुकलं तर दुसऱ्यामुळे लगेच पकडलं जातं. "संध्याकाळी येतो" म्हणजे कोणाचे पाच तर कोणाचे आठ, वेळ सांगा. फोनवर नंबर देताना एकेक आकडा सुटा सांगा, कारण एकोणसाठ आणि एकोणसत्तर घाईत सारखेच ऐकू येतात आणि इंग्रजी मीडियमच्या मुलांना तर त्यातलं एकही पटकन कळत नाही. पैशांच्या बाबतीत शब्दात एकदा आणि आकडा फोडून एकदा, "अडीच हजार, म्हणजे दोन पाच शून्य शून्य".

पायरी ४: परत म्हणवून घ्या (ही एक जरी केलीत तरी बास)

२७ मार्च १९७७. स्पेनच्या ताब्यातल्या टेनेरीफ बेटावर लॉस रोदेओस विमानतळ, दाट धुकं, आणि एकाच धावपट्टीवर दोन अवाढव्य बोइंग ७४७, एक केएलएम या डच कंपनीचं आणि एक पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं. केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला गेला होता, उड्डाणाची परवानगी अजून मिळालेली नव्हती. त्यांच्या सहवैमानिकाने मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी जोडलं की आम्ही आता टेकऑफला आहोत. टॉवरमधल्या माणसाला वाटलं की ते उड्डाणाच्या जागी उभे आहेत, तो "ओके" म्हणाला, आणि मग म्हणाला की थांबा, मी कळवतो. नेमकं त्याच क्षणी पॅन ॲमनेही रेडिओवर सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही आवाज एकावर एक आले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये "ओके" नंतर फक्त शिट्टीसारखा आवाज गेला. त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, त्याने विचारलंही की ते पॅन ॲम बाजूला झालं नाही का, पण कॅप्टन ठामपणे हो म्हणाला आणि विषय तिथेच संपला. ५८३ माणसं गेली. आजही विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा अपघात मानतात.

यात एकही माणूस बेफिकीर नव्हता, सगळे अनुभवी होते. तरी एक संदिग्ध वाक्य, एक "ओके" आणि एक दबलेली शंका एवढं पुरलं. त्यानंतर नियम कडक झाले. टेकऑफ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी नाही, आणि महत्त्वाची सूचना नुसत्या "ओके"वर सोडायची नाही, ती शब्दशः परत म्हणायची आणि सांगणाऱ्याने ती तपासायची. आपल्या रेल्वेतही हेच तत्त्व आहे, ज्या फाटकांचं कुलूप सिग्नलला जोडलेलं नसतं तिथे स्टेशन मास्तरने फोनवरून फाटक बंद करायला सांगितलं की गेटमन फाटक बंद करून, ते बंद झाल्याची खूण म्हणून एक खासगी नंबर (ठरलेला सांकेतिक आकडा) देतो आणि तो नोंदवला जातो. नुसतं "हो साहेब" चालत नाही.

आता हे घरात कसं आणायचं? "समजलं का?" हा प्रश्न पहिल्यांदा बंद करा. त्याचं उत्तर कायम "हो" असतं, कारण नाही म्हणणं म्हणजे आपण मंद आहोत असं कबूल करणं. त्याऐवजी ओझं स्वतःवर घ्या. समजा डॉक्टरांनी सासूबाईंची गोळी बदललीये, तर "आई, मी जरा गडबडीत सांगितलं, आता गोळ्या कशा घ्यायच्यात ते एकदा तुम्ही मला सांगा, म्हणजे माझ्याकडून काही राहिलं का ते कळेल". यात त्यांची परीक्षा होत नाही, तुमची होते, आणि त्या आनंदाने सांगतात. आणि सांगताना कळतं की बीपीची सकाळची गोळी बंद करायची होती, त्या रात्रीची बंद करणार होत्या. डॉक्टरकडे ऐकलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माणूस लगेच विसरतो आणि जे लक्षात राहतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं असतं असं २००३ मधल्या एका वैद्यकीय लेखात रॉय केसल्स यांनी मांडलंय. ८० वर्षांच्या माणसाचं सोडा, आपल्यासारख्यांचंही हेच होतं. म्हणून स्वतः पेशंट असाल तरी केबिनमधून उठायच्या आधी "डॉक्टर, मी एकदा म्हणून दाखवतो, चुकलं तर सांगा" एवढं म्हणायला अजिबात लाजू नका.

आणि परत म्हणताना समोरचा चुकला तर चिडायचं नाही. ज्या क्षणी तुम्ही "अहो किती वेळा सांगायचं!" म्हणता त्या क्षणापासून तो माणूस तुम्हाला फक्त "हो हो" म्हणणार. ऑफिसात सीनिअर असाल तर हे आणखी जपा, त्या फ्लाइट इंजिनिअरची शंका आठवा. ज्युनिअरने "सर, एक डाउट आहे" म्हटलं की हातातलं ठेवून त्याच्याकडे बघायचं, मग ती शंका फालतू निघाली तरी.

पायरी ५: आता ऐकणं

जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या गप्पा रेकॉर्ड करून अभ्यासकांनी २००९ मध्ये मोजलं तर एकाचं बोलणं संपल्यावर दुसरा सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्साच जातो. आणि आपल्याला साधं एक नाव आठवून उच्चारायलाही याच्या तिप्पट वेळ लागतो. याचा अर्थ सरळ आहे, समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर तयार करत असतो. म्हणजे वाक्याचा शेवट आपण अर्ध्या कानाने ऐकतो. यात कोणाचा दोष नाही, मेंदू असाच चालतो, म्हणून ऐकण्यासाठी मुद्दाम जागा करावी लागते.

डॉक्टरांच्याच बाबतीत १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी मोजलं होतं की पेशंट आपली तक्रार सांगायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मधे बोलतात. डॉक्टरांना भीती की हा सुरू झाला तर थांबायचाच नाही. मग स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये उलट करून बघितलं, पेशंटला बोलू दिलं, अजिबात अडवलं नाही. सरासरी ९२ सेकंदांत पेशंट स्वतःहून थांबले! दीड मिनिट फक्त. तुमच्या मुलाला, आईला, टीममधल्या माणसाला हे दीड मिनिट द्या, घड्याळ लावून नको पण मनात ठरवून. मधे सल्ला नाही, "माझंही असंच झालं होतं" नाही, फक्त "हं", "मग?", "बरं". फोनवर तर हे "हं" फारच लागतं, नाहीतर समोरचा "हॅलो, आहेस ना?" विचारतो.

तो थांबला की लगेच बोलू नका. मेरी बड रोव यांनी अमेरिकेतल्या वर्गांमध्ये बघितलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि हेच तीन सेकंद थांबायला शिकवलं तर मुलांची उत्तरं मोठी होतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद मोजून बघा, अवघड जातं, फार लांब वाटतात. पण खरी गोष्ट बऱ्याचदा त्या शांततेनंतर येते. आणि शेवटी "अजून काही नाही ना?" असं विचारू नका, त्यात नकार आधीच भरलेला आहे. "अजून काय काय आहे मनात?" विचारा.

पायरी ६: टोन

"शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ टक्के आणि बॉडी लँग्वेज ५५ टक्के" हे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात, ते तसं नाहीये. ते आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांमधून आले, ते प्रयोग होते सुट्या सुट्या शब्दांवर, आणि विषय होता फक्त आवड-नावड कशी कळते हा. त्यांनी स्वतःच सांगितलंय की हे भावनांबद्दलच्या बोलण्यालाच लागू आहे. रेल्वेची वेळ ५५ टक्के हातवाऱ्यांनी कशी सांगणार? शब्द महत्त्वाचेच आहेत.

पण टोनने काय होतं याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते आपल्याच बायकांचं आहे. १९७० च्या दशकात लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या स्टाफ कँटीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या होत्या आणि ब्रिटिश कामगार म्हणायला लागले की या उद्धट आहेत. जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञांनी जाऊन रेकॉर्डिंग केलं. मांसाच्या पदार्थावर ग्रेव्ही घालायची का हे विचारताना ब्रिटिश बाई "ग्रेव्ही?" असं आवाज वर नेऊन म्हणायची, आणि आपल्या बायका "ग्रेव्ही." असा आवाज खाली आणून म्हणायच्या, आपल्याकडे तसंच नम्रपणे विचारतात. ऐकणाऱ्याला ते "ही घे ग्रेव्ही" असं वाटायचं. रेकॉर्डिंग दोन्ही बाजूंना ऐकवल्यावर कुठे अडतंय ते दोन्हीकडच्यांना कळलं, आणि त्या बायकांना इतके दिवस वाटत होतं की लोक आपल्याला उगाच वाईट वागवतात. मुंबईत नोकरीला आलेल्या कोल्हापूरच्या माणसाच्या बोलण्याला "केवढा रागात बोलतो" म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. त्याच्या गावात ते प्रेमाने बोलणं असतं. कोणाचा टोन खटकला तर मत बनवायच्या आधी तो माणूस त्याच्या घरच्यांशी कसा बोलतो ते ऐका.

पायरी ७: फोन, मेसेज की समोरासमोर

लेखी मेसेजमध्ये टोन जातच नाही, आणि आपल्याला वाटतं की जातो. क्रूगर आणि एप्ली वगैरेंनी २००५ मध्ये ईमेलवर हे तपासलं, पाठवणाऱ्यांना वाटत होतं की आपली चेष्टा की खरं हे ७८ टक्के वेळा कळेल, प्रत्यक्षात ५६ टक्के वेळा कळलं, नाणं उडवून अंदाज केला असता तरी पन्नास झालाच असता.

म्हणून माझी साधी वाटणी अशी: पत्ता, नंबर, तारीख, यादी हे सगळं लेखी, कारण ते नंतर बघता येतं. माफी, नाराजी, पैशांचं मागणं, लग्नाचं, आजारपणाचं हे फोनवर किंवा भेटून. महत्त्वाचं असेल तर दोन्ही, आधी फोन आणि मग "आत्ता बोललो त्याप्रमाणे" म्हणून दोन ओळी. ग्रुपवर "कोणीतरी टँकरवाल्याला फोन करा" टाकलं की कोणीच करत नाही, नाव घ्या, "सुनीलदादा, तुम्ही टँकरवाल्याला आज सहाच्या आत फोन करून इथे कळवाल का?" आणि ब्लू टिक म्हणजे वाचलं, होकार नव्हे.

पायरी ८: "बघतो" ऐकल्यावर

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं जड जातं, म्हणून "बघतो", "प्रयत्न करतो", "कळवतो" येतं आणि बऱ्याचदा ते नाहीच असतं. समोरच्याला खोटं ठरवू नका, तो तुमचा मान राखतोय. त्याला नाही म्हणायला दार उघडून द्या: "जमणार नसेल तर आत्ता सांगितलंस तरी काही वाटणार नाही मला, मी दुसरी सोय बघेन, फक्त शुक्रवारच्या आत कळू दे." आणि तुम्ही स्वतः नाही म्हणणार असाल तर नाही आणि कारण एका वाक्यात, आणि शक्य असेल तर काय जमेल ते. "शनिवारी नाही येता येणार, मुलाची परीक्षा आहे, रविवारी सकाळी येऊन सामान लावून देतो."

पायरी ९: बिनसलं की लगेच दुरुस्त करा

बारा भाषांमधल्या गप्पांचा २०१५ मध्ये अभ्यास झाला, मार्क डिंगेमान्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता, त्यात दिसलं की साधारण दर दीड मिनिटाला कोणीतरी कोणालातरी "काय?", "कोण?", "काय म्हणालास?" असं विचारत असतं, सगळ्या भाषांमध्ये. म्हणजे न समजणं आणि विचारून घेणं हा गप्पांचा रोजचाच भाग आहे, त्यात कमीपणा काही नाही. फक्त विचारताना नेमकं विचारा. नुसतं "काय?" म्हटलं तर समोरचा सगळं पहिल्यापासून, तेही जोरात, परत सांगतो. "शनिवार कळला, जागा कुठली म्हणालास?" विचारलं की तेवढंच मिळतं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्याशी बोलताना तर उलट बाजूने हेच करा, तेच वाक्य ओरडून परत म्हणण्यापेक्षा शब्द बदलून, समोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश म्हणा.

गैरसमज होऊन गेल्यावर "तू असं म्हणालास" ने सुरुवात केली की समोरचा वकील होतो. "मला असं ऐकू आलं की तू येणार नाहीयेस, तुला तसंच म्हणायचं होतं का?" इथून सुरू करा, कारण तुम्हाला काय ऐकू आलं यावर वाद होऊ शकत नाही. मेसेजवर वाजलं असेल तर तिथे आणखी टाइप करत बसू नका, फोन लावा. उचलला नाही तर एकच ओळ टाका, "लिहिण्यात काहीतरी गडबड होतेय, रात्री नऊनंतर फोन करू का?" आणि नऊ वाजता खरंच करा.